बुडखा काढण्याआधी

परवाच्या रविवारी आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीत एका बुडख्यावरून दीड तास मीटिंग चालली. तीस वर्षांच्या जांभळाचा गुडघ्याएवढा उरलेला बुडखा. अजेंड्यावर विषय असा होता : "गेटजवळील झाडाचा बुंधा काढून दोन चारचाकींची पार्किंग करणे." पाच मिनिटांत मंजूर होईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ठेकेदाराचं कोटेशन आलेलं, मिनी ट्रॅक्टर आणून अर्ध्या दिवसात जागा साफ करून देतो म्हणाला होता.

मी कमिटीत आहे. सहसा फार बोलत नाही. पण त्या दिवशी हात वर केला आणि म्हणालो, "थांबा जरा. हा बुडखा मेलाय का, ते आधी बघू."

सेक्रेटरी हसले. "अहो, तोडून वर्ष झालं. आता मेलेल्या झाडाचा एवढा पुळका कशाला?"

पुळका नाही. माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. ती मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. मीटिंगमध्येही नीट सांगता आली नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. शेवटी विषय आपल्या शहराकडेच येणार आहे.

आमचं मूळ गाव दिवेआगर, तालुका श्रीवर्धन. वडील नोकरीसाठी मुंबईत आले, मग भाईंदरला घर घेतलं. गावची वाडी काका-काकू सांभाळतात. वाडी म्हणजे वीस गुंठे. नारळ, सुपारी, विहिरीच्या कडेला एक रायवळ आंबा, मागच्या गडग्याला लागून दुसरा. श्रीवर्धनकडची सुपारी तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडे लोक एकमेकांची वाडी एकरात नाही, झाडांत मोजतात. "त्यांची चारशे सुपारी आहे" असं म्हणतात.

३ जून २०२०ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आलं. इथे मीरा-भाईंदरमध्ये आपण खिडक्यांना पुठ्ठे लावून बसलो होतो आणि संध्याकाळी म्हणालो, वाचलो बुवा. वाचलो खरे, कारण ते तिकडे धडकलं होतं. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड. काकांशी फोन लागायला कितीतरी दिवस गेले. लागला तेव्हा काका एवढंच बोलले, "घरातून समुद्र दिसतोय रे." ज्यांनी आमची वाडी पाहिली नाही त्यांना या वाक्याचा अर्थ कळणार नाही. आमच्या घरातून समुद्र कधीच दिसत नव्हता. मध्ये वाड्या होत्या.

ई-पास काढून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी माणगाव-म्हसळा मार्गे गावी पोचलो. दहा दिवसांची रजा होती. सुपाऱ्या काडीसारख्या मोडून एकमेकींवर पडलेल्या. नारळ काही मुळासकट आडवे, काही मध्येच तुटलेले. दोन्ही आंबे कमरेएवढ्या उंचीवर मोडलेले. काकांनी आणि शेजाऱ्यांनी घरावरचं आणि वाटेवरचं तेवढं तोडून बाजूला केलं होतं. उरलेलं तसंच होतं.

मी शहरातून आलेला माणूस. मला वाटलं, दहा दिवसांत हे सगळं साफ करून टाकू. पाऊस आहे तोवर नवीन रोपं लावली तर लागतील, नाहीतर वर्ष फुकट जाईल. हा हिशेब चुकीचा नव्हता. नारळाची रोपं लावायला पावसाळाच लागतो. चूक पुढे झाली.

जेसीबी वाडीत येणं शक्य नव्हतं. आमच्याकडे दोन गडग्यांच्या मधून वाट असते, बैलगाडी कशीबशी जाईल एवढी. पण जवळच्या गावातल्या एका बचत गटाकडे मिनी ट्रॅक्टर होता. अनुसूचित जातीच्या बचत गटांना नव्वद टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं देण्याची समाजकल्याणची योजना आहे, त्यातून घेतलेला. पंधरा हॉर्सपॉवरचा, एक सिलिंडरचा, वजन आठशे किलोच्या आसपास. बेड्याचे वासे काढले की आरामात आत यायचा. चालवणारा पोरगा विशीतला, पण हात तयार. तासाला सातशे रुपये ठरले, डिझेलसकट.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण पंधरा हॉर्सपॉवर म्हटलं की लोकांना वाटतं साखळी बांधली, गिअर टाकला, बुडखा बाहेर. तसं काही नसतं. छोटा ट्रॅक्टर बुडखा ओढत नाही, फक्त शेवटचा हिसका देतो. बाकीचं काम कुदळ, पहार आणि कुऱ्हाडीचं. आधी बुडख्याभोवती चर खणायचा. आडवी गेलेली मुळं दिसली की एकेक तोडायची. माती झाडून काढायची, कारण मातीत कुऱ्हाड मारली की धार जाते. मग साखळी बांधायची. ट्रॅक्टरकडची बाजू खाली, हिचला. वर कुठेही बांधली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा होतो. एवढ्या-एवढ्याशा चुकीने माणसं मेली आहेत. आणि साखळी सरळ न ओढता बुडख्यासमोर जुन्या चाकाची रिम उभी ठेवून तिच्यावरून न्यायची, म्हणजे ओढ आडवी न लागता वरच्या दिशेला लागते. ही युक्ती त्या पोराची. शिकलेला मी, पण मला ती सुचली नव्हती.

नारळाचे बुडखे असे दिवसाला चार-पाच निघाले. नारळाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या खालच्या फुगीर भागातून बोटाएवढ्या जाडीची असंख्य मुळं सगळीकडे गेलेली असतात. ती गोल तोडली की गड्डा सुटतो. आणि नारळाचा बुडखा काढायलाच हवा होता, यात शंका नाही. एक तर नारळ बुडख्यातून फुटत नाही. शेंडा गेला की झाड गेलं. दुसरं म्हणजे कुजणारं खोड आणि बुडखा हे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर. तिथे त्याची अळी वाढते, आणि तिचा भुंगा झाला की तो वाचलेल्या उभ्या नारळांच्या सुईत, म्हणजे कोवळ्या शेंड्यात, शिरतो. वादळातून वाचलेलं झाड वर्षभराने भुंग्याने जायचं. म्हणून ते खोड फोडून, ओढून बाहेर काढणं हे कामच होतं.

पैशाचाही हिशेब सांगून ठेवतो. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी पन्नास हजार रुपये केली. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत. वीस गुंठ्यांना होतात दहा हजार. लोकांनी ओरड केली, तेव्हा झाडामागे हिशेब आला : नारळाला अडीचशे, सुपारीला पन्नास. नारळाचा एक बुडखा काढायला मजुरी धरून मला त्याहून जास्त खर्च येत होता. म्हणजे झाडाचे जे पैसे मिळणार, त्यात त्याचा बुडखासुद्धा निघत नव्हता. शिवाय नवीन नारळ धरायला सहा-सात वर्षं. ती वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची, हे तलाठ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो बिचारा दिवसाला कितीतरी वाड्यांचे पंचनामे करत फिरत होता.

सहाव्या दिवशी नारळ संपले आणि मी विहिरीजवळच्या आंब्याकडे वळलो.

काका ओटीवर बसले होते. म्हणाले, "तो राहू दे."

मी म्हटलं, "काका, मोडलाय तो. सगळी जागा अडवून बसलाय. तिथे चार नारळ बसतील."

"मोडलाय, मेला नाही. आणि विहिरीची कड धरून आहे तो."

मला वाटलं, म्हातारा माणूस, झाडात जीव अडकलाय. काकांच्या आजोबांनी लावलेला आंबा तो. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "काका, ट्रॅक्टर आत्ता आलाय, परत मिळायचा नाही. लोक रांगेत आहेत." हे खरंच होतं. काका पुढे काही बोलले नाहीत. आमच्याकडची मोठी माणसं दोनदा सांगत नाहीत. दुसऱ्यांदा ती सुपारी कातरत बसतात.

तो एक बुडखा काढायला दोन दिवस गेले. आंब्याचं मूळ म्हणजे नारळाचं नव्हे. मांडीएवढी मुळं खाली गेलेली. एकदा साखळी ताणली आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हातभर उचलली गेली. पोराने क्षणात क्लच दाबला म्हणून चाकं खाली आली. मी लांब उभा होतो, पण माझे पाय लटपटत होते. तो मात्र घाम पुसत म्हणाला, "दादा, हा यायला तयार नाही." तरी मी थांबलो नाही. आणखी खणलं, आणखी तोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुडखा एका बाजूने फाटून बाहेर आला.

तो उलटा पडल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. तुटलेल्या मुळांच्या टोकांना पांढरीशुभ्र नवी मुळं फुटलेली होती, ओली, दोऱ्यासारखी. आणि सालीवर, मोडलेल्या जागेच्या खाली, दोन-तीन ठिकाणी तांबूस डोळे आले होते. कुठेही कुजल्याची खूण नव्हती. वादळ होऊन दीड महिना झाला नव्हता आणि तो परत उभं राहायच्या तयारीला लागला होता.

मी कुणाला काही बोललो नाही. खड्डा बुजवला. रोटाव्हेटर फिरवला, त्यात राहिलेल्या एका मुळावर आपटून दोन पाती वाकली, त्याचे पैसे भरले. मागच्या गडग्याजवळचा दुसरा आंबाही काढायचा होता, पण ट्रॅक्टर दुसरीकडे ठरला होता आणि माझे पैसेही संपले होते. तो राहिला. माझ्या शहाणपणामुळे नाही. वेळ नव्हता म्हणून.

ऑगस्टमध्ये गावी मोठा पाऊस झाला. बुजवलेल्या खड्ड्याची भुसभुशीत माती बसली, मग विहिरीच्या बाजूने घसरली आणि वरच्या कडेचे दगड घेऊन थेट विहिरीत गेली. वाळूची जमीन आमची. इतकी वर्षं ती कड त्या मुळांनी बांधून ठेवली होती, जाळ्यासारखी. पिण्याचं पाणी गढूळ झालं. काकू दोन महिने शेजारून कळशीने पाणी आणत होती. कड परत बांधून घ्यायला जो खर्च आला त्यात नवी नारळाची रोपं कितीतरी आली असती. काकांनी फोनवर फक्त एवढं सांगितलं, "जरा पडझड झालीय, मी बघतो." "सांगितलं होतं तुला" असं ते आजपर्यंत एकदाही म्हणालेले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आणि मागचा आंबा? दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून मोडलेल्या झाडांबद्दल ज्या सूचना येत होत्या त्या काकांनी ऐकल्या होत्या. तुटलेली बाजू करवतीने साफ करून घेतली, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. दसऱ्यापर्यंत बुडख्याभोवती धुमाऱ्यांचं झुडूप झालं होतं. त्यातले तीन चांगले ठेवून बाकीचे काढले. खाली मुळांचा पसारा जुनाच, जोर जुनाच, त्यामुळे रोप लावण्यापेक्षा किती तरी वेगाने वाढ झाली. २०२५च्या मे महिन्यात काकांनी गाववाल्याबरोबर एक पिशवी पाठवली. अकरा रायवळ आंबे. मी ते खाल्ले, पण चव काही मला नीट लागली नाही.

त्या सगळ्यातून मी शिकलो ते साधं आहे. बुडखा दिसला की लगेच काढायचा नसतो. आधी तीन प्रश्न विचारायचे. हा जिवंत आहे का? असेल तर याची फूट पुढे झाड होण्याजोगी आहे का? आणि याच्या मुळांनी खाली काय धरून ठेवलंय? नारळाच्या बुडख्याला तिन्ही प्रश्नांची उत्तरं "काढा" अशी होती. आंब्याच्या बुडख्याला "ठेवा" अशी. मी दोघांना एकाच साखळीने बांधलं.

आता भाईंदरला येऊ.

आमचं जांभूळ १७ मे २०२१च्या तौक्ते वादळात अर्धं मोडलं. राहिलेलं अर्धं एका बाजूला कललं होतं. पुढे गेटजवळ केबलसाठी चर खणला, तो नेमका त्याच्या मुळांवरून गेला. कुणी खणला, कुणी परवानगी दिली, याचा मी नाद सोडला. आम्हीही गॅलरीतून बघत होतो आणि कुणी खाली उतरलं नाही. झाड आणखी कललं, धोकादायक ठरलं, रीतसर परवानगीने तोडलं. ते तोडणं बरोबरच होतं. खाली मुलं खेळतात. पण आमच्या अर्जात "झाड तोडणे" एवढंच होतं. बुडख्याचं काय करायचं, हे आम्हीच लिहिलं नव्हतं. आमच्या डोक्यातच नव्हतं.

आपली जमीन कसली आहे हे जुन्या भाईंदरकरांना सांगायला नको. खाजण, मिठागरं, त्यावर भराव. थोडं खणलं की पाणी. अशा जमिनीत मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. वरून आपण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट आणतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात सांगितलं होतं की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. आपल्या किती रस्त्यांवर ती एक मीटर दिसते, ते उद्या स्टेशनला जाताना मोजा. मग दर पावसाळ्यात झाडं पडतात आणि आपण म्हणतो, झाडंच वाईट, सोनमोहोर वाईट, गुलमोहोर वाईट.

तर मीटिंग. सेक्रेटरींनी विचारलं, "जिवंत आहे हे कशावरून?" मी सगळ्यांना खाली घेऊन गेलो. नखाने बुडख्याची साल जरा खरवडली. खाली हिरवं होतं. वॉचमनच्या खुर्चीमागे, भिंतीच्या बाजूला, वीतभर फूट आलेली होती. आम्ही कुणीच पाहिली नव्हती. वॉचमनने पाहिली होती. तो म्हणाला, "साहेब, मी बाटलीतलं उरलेलं पाणी टाकतो रोज."

विरोधकांची बाजूही खोटी नव्हती, तीही सांगतो. तळमजल्यावरच्या आजी एकदा त्या बुडख्याला अडखळून पडल्या होत्या. एकांचं म्हणणं, पोकळ बुडख्यात वाळवी होते, ती घरात येते. आणि एका इंजिनीअर सभासदाने माझ्या मनातलीच शंका काढली : बुडख्यातून आलेली फूट खोडाला नुसती बाजूने चिकटलेली असते, मोठी झाली की वाऱ्याने उपटते, मग काय? बरोबर आहे. म्हणूनच सगळी फूट ठेवायची नसते. बुडख्याच्या अगदी बुडाशी, जमिनीलगत आलेली एक किंवा दोन ठेवायची, बाकीची काढायची, म्हणजे त्यांना स्वतःची मुळं धरता येतात. तरी दर वर्षी नजर ठेवावी लागते. फुकट काहीच नसतं.

मग मी ठेकेदाराला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही बुडखा ओढणार, त्याची मुळं गॅसच्या लाइनला गुंडाळलेली असतील तर?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "ते काम सुरू केल्यावर कळेल." मला विहिरीची कड आठवली. भरावाच्या जमिनीत गेटजवळ खाली गॅस, पाणी, केबल, ड्रेनेज, सगळं एकमेकांच्या अंगावर. तिथे साखळी बांधून हिसका देणं म्हणजे कशाला हिसका देतोय ते न बघता देणं. काढायचाच झाला तर जमिनीच्या वरचा भाग भुगा करणारं मशीन असतं, स्टंप ग्राइंडर, ते आणायचं. खालची मुळं तशीच राहतात, हळूहळू कुजतात, जमीन एकदम बसत नाही. आणि कृपा करून रॉकेल, ॲसिड, टायर जाळणं हे उद्योग नकोत. शहरी भागातल्या १९७५च्या झाडांच्या कायद्यात जाळणं आणि कुठल्याही तऱ्हेने इजा करणं हेही झाड तोडण्यातच धरलं आहे. जिवंत बुडख्याला हे करताना दोनदा विचार करा.

शेवटी ठराव झाला : एक पावसाळा थांबू. बुडख्याभोवती विटांचं कडं करायचं, आजींसाठी त्यावर पांढरा पट्टा मारायचा, फूट बघायची, दिवाळीनंतर पुन्हा विषय घ्यायचा. पार्किंग मागणारे दोघे नाराज आहेत. एकाने परवा मला लिफ्टमध्ये नमस्कार केला नाही. चालायचंच.

हे घरचं झालं. पण ज्यासाठी एवढं लिहिलं ते आता सांगतो.

मेट्रो ९च्या कारशेडचा विषय तुम्ही सगळ्यांनी वाचलाय. आधी राई-मुर्धे-मोर्वाच्या जमिनीवर ठरलं, गावकऱ्यांनी विरोध केला, मग ते डोंगरीच्या डोंगराकडे गेलं. आणि २०२५मध्ये तिथल्या बारा हजारांहून जास्त झाडांचा प्रश्न उभा राहिला. लोकांनी मोर्चे काढले, हरकती दिल्या. मेट्रो नकोच असं मी म्हणणार नाही. सकाळी सातनंतरच्या भाईंदर लोकलच्या दारात ज्याने वीस वर्षं काढली तो असं म्हणूच शकत नाही.

पण या सगळ्या चर्चेत आकडा एकच होता : झाडं किती. इकडचे म्हणायचे एवढी तोडणार, तिकडचे म्हणायचे त्याच्या इतक्या पट लावणार. २०२१च्या दुरुस्तीनंतर कायद्यात एका झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाएवढी रोपं लावायची तरतूद आली. चांगली आहे. पण वाडीतले पंचनामे आठवले की मला कळतं, झाड मोजणं म्हणजे जमीन मोजणं नव्हे. नारळ अडीचशे, सुपारी पन्नास, झाला हिशेब.

डोंगरावरचं रान तोडणं आणि डोंगरावरचं रान उपटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणात राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या तोडल्या. पुन्हा फुटल्या. सागाचं खोड तोडलं तरी बुडखा फुटतो. रान तुटून परत येतं, कारण त्याचं अर्धं घर जमिनीखाली असतं. पण जमीन सपाट करायची झाली की मशीन आधी बुडखे काढतं, मग माती, मग डोंगर. त्यानंतर तिथे परत येण्यासारखं काही उरत नाही. आणि त्या मुळांनी आतापर्यंत काय धरून ठेवलं होतं, ते पहिल्या मोठ्या पावसात खालच्या घरांना कळतं. आमच्या वाडीतला एक बुडखा गेला तर विहीर ढासळली. धारावी बेटाचा तो सगळा डोंगर उतार आहे, खाली गावं आहेत, विहिरी आहेत, शेतं आहेत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. डोंगरी असो, रस्ता रुंदीकरण असो की आपली सोसायटी. झाडं तोडायची परवानगी मागताना आणि देताना बुडख्याचंही लिहा. कुठले काढणार, कुठले ठेवणार. कशाने काढणार. वरची माती कुठे साठवणार, खड्डा कशाने भरणार, उतारावर पाणी कसं अडवणार. जिथे बांधकाम नाही, नुसती "साफसफाई" आहे, तिथे बुडखे जागेवर ठेवा, रान स्वतः येईल, तुमच्या रोपांपेक्षा लवकर येईल. हरकत नोंदवायची वेळ येते तेव्हा "झाडे तोडू नका" एवढं एकच वाक्य लिहून थांबू नका. हे प्रश्न विचारा. याला उत्तर देताना समोरच्याला जागेवर जाऊन बघावं लागतं, आणि जाऊन बघणं हीच अर्धी लढाई आहे.

पावसाळा तोंडावर आहे. तुमच्या इमारतीखाली, शाळेबाहेर, फुटपाथवर कापून ठेवलेला बुडखा असेल तर एकदा वाकून नखाने साल खरवडून बघा. हिरवं दिसलं तर तिथल्या वॉचमनला विचारा, तो पाणी घालतोय का.

काकांना परवा मीटिंगचं सगळं फोनवर सांगितलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या मे महिन्यात ये. विहिरीजवळ एक कोय टाकली होती मी तेव्हाच. आता डोक्याएवढा झालाय आंबा."

मला माहीतच नव्हतं.